खडबडीत उतारावरचे जोडलेले ठोकळे: आधी हलतात का ते बघा

अकरावीला न्यूटनच्या नियमांचं प्रकरण सुरू झालं की हे चित्र वहीत येतंच. एक उतार, त्यावर ठोकळा, ठोकळ्याला बांधलेली दोरी माथ्यावरच्या कप्पीवरून पलीकडे गेलेली आणि तिच्या टोकाला दुसरा ठोकळा लोंबकळतोय. उतार गुळगुळीत असेपर्यंत बहुतेकांना जमतं. ‘खडबडीत’ हा शब्द आला की गडबड सुरू होते. गणित म्हणून त्यात बेरीज-वजाबाकीपलीकडे फारसं काही नसतं. अडचण अशी की घर्षणाची दिशा उदाहरणात लिहिलेली नसते आणि त्याची किंमतही थेट दिलेली नसते. दोन्ही आपण शोधायच्या असतात. घाईत त्या गृहीत धरल्या जातात आणि तिथेच मार्क जातात.

एकच उदाहरण घेऊ आणि ते सगळ्या बाजूंनी पिळून काढू. नवीन पंचवीस उदाहरणं सोडवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, असं माझं मत आहे.

उतार ३७ अंशांचा. त्यावर ५ किलोचा ठोकळा ‘अ’. कप्पीपलीकडे लोंबकळणारा ठोकळा ‘ब’. त्याचं वस्तुमान आपण बदलत राहणार आहोत. स्थितिक घर्षणांक (ठोकळा स्थिर असतानाचा) ०.४, गतिक घर्षणांक (घसरत असतानाचा) ०.३. गुरुत्व त्वरण १० मी/से² धरू. दोरी न ताणली जाणारी आणि बिनवजनी, कप्पी हलकी आणि घर्षणरहित. ३७ अंश परीक्षकांचा लाडका कोन आहे, कारण ३-४-५ च्या काटकोन त्रिकोणात तो जवळजवळ नेमका बसतो: साइन ०.६, कॉस ०.८.

पहिली पायरी: दोन ठोकळे, दोन वेगळी चित्रं

पुस्तकातल्या आकृतीवरच बाण काढू नका. प्रत्येक ठोकळा बाजूला काढा, एकटा, आणि त्याला जे जे हात लावतंय तेवढ्याचीच बलं दाखवा. ‘ब’ ला फक्त दोन: खाली वजन, वर दोरीचा ताण. ‘अ’ ला चार: सरळ खाली वजन, उताराला काटकोनात बाहेर येणारं लंब बल (वर्गात सगळे त्याला ‘नॉर्मल’च म्हणतात), उतारावरून वरच्या दिशेला ताण आणि उताराला समांतर घर्षण. घर्षणाचा बाण तूर्त काढूच नका. त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा. ही सवय लागली तर निम्म्या चुका टळतील.

‘ब’ चं वजन ‘अ’ च्या चित्रात येता कामा नये. ‘ब’ खेचतो तो दोरीमार्फत, आणि दोरीचं काम ताणात आलेलं आहे. दोन्ही लिहिलं तर तेच बल दोनदा मोजलं जातं.

दुसरी पायरी: अक्ष उताराबरोबर तिरके करा

‘अ’ साठी एक अक्ष उताराला समांतर, दुसरा काटकोनात. मग फक्त वजनाचे दोन घटक करावे लागतात, बाकी सगळी बलं आपोआप अक्षांवर बसतात.

उताराला समांतर घटक: ५ × १० × ०.६ = ३० न्यूटन, खालच्या दिशेला.
उताराला काटकोनात घटक: ५ × १० × ०.८ = ४० न्यूटन.

साइन कुठे आणि कॉस कुठे, हे पाठ करू नका. उतार आडवा केला, म्हणजे कोन शून्य केला, तर ठोकळ्याला खाली ओढणारं काही उरायला नको. शून्याचा साइन शून्य, म्हणून समांतर घटकाला साइन. परीक्षेत शंका आली तर ही तपासणी पाच सेकंदांत होते.

काटकोनाच्या दिशेने ‘अ’ ना उतारात घुसतो ना हवेत उडतो, म्हणून नॉर्मल ४० न्यूटन. इथे एक सूचना: हे ४० आलं कारण दोरी उताराला समांतर आहे. दोरी तिरकी असेल, किंवा कोणी ठोकळा वरून दाबत असेल, तर नॉर्मल बदलतो आणि त्याबरोबर घर्षणाची मर्यादाही. ‘वजन गुणिले कॉस’ हे सूत्र म्हणून लिहू नका, दर वेळी समीकरणातून काढा.

आता घर्षणाचे दोन आकडे बाजूला लिहून ठेवा:

स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा: ०.४ × ४० = १६ न्यूटन.
गतिक घर्षण: ०.३ × ४० = १२ न्यूटन.

ठोकळा उभा ठेवला काय नि आडवा ठेवला काय, हे आकडे तेच राहतात. कोरडं घर्षण टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे फ्रेंच संशोधक गियोम आमोंताँ याने १६९९ मध्ये मांडलं. म्हणून ठोकळ्याची लांबी-रुंदी दिली असली तरी या प्रकारच्या उदाहरणात ती वापरायची नाही.

तिसरी पायरी: घर्षण क्षणभर बंद करा

खरी पायरी ही. बाकीच्या कुठल्याही पुस्तकात मिळतील.

घर्षण नाहीच असं समजा आणि विचारा: गाडी कुठल्या बाजूला जाईल? एका बाजूने ‘अ’ चा घटक ३० न्यूटन उताराखाली ओढतोय, दुसऱ्या बाजूने ‘ब’ चं वजन त्याला वर ओढतंय. ही रस्सीखेच आहे आणि घर्षण हा असा भिडू आहे जो नेहमी हरणाऱ्या बाजूला जाऊन उभा राहतो, पण दोर स्वतः कधीच जिंकून नेत नाही. तो सामना फार तर बरोबरीत सोडवतो.

म्हणून दोन ओढींमधला फरक काढा. हा फरक १६ न्यूटनच्या आत असेल तर काहीच हलणार नाही. त्याच्या वर गेला तरच हालचाल.

‘ब’ ची वेगवेगळी वस्तुमानं घालून बघू. सगळ्या वेळी सुरुवात स्थिर अवस्थेतून.

‘ब’ ३ किलो: वजन ३० न्यूटन. फरक शून्य. म्हणजे घर्षण शून्य! उतार खडबडीत आहे, घर्षणांक ०.४ दिलेला आहे, तरीही घर्षण बल शून्य, कारण त्याची कोणाला गरजच नाही. हा मुद्दा पचला की पुढचं सगळं सोपं. घर्षणांक गुणिले नॉर्मल ही स्थितिक घर्षणाची मर्यादा आहे. दर वेळी तेवढं घर्षण असतंच असं नाही.

(हीच ३ ला ५ ची बरोबरी सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ च्या आपल्या पुस्तकात मांडली होती, तीही साइन-कॉस न वापरता. त्याने त्रिकोणी ठोकळ्यावरून गोळ्यांची माळ टाकली आणि म्हटलं की माळ आपोआप कायमची फिरत राहणं अशक्य, म्हणून ती स्थिरच असणार. त्यातून निघतं ते असं: उताराची लांबी ५ आणि उंची ३ असेल, तर उतारावरच्या ५ ला लोंबकळणारे ३ पुरतात. न्यूटनचे नियम छापून यायला तेव्हा अजून शंभर वर्षं होती.)

‘ब’ ४ किलो: वजन ४० न्यूटन. ‘ब’ १० न्यूटनने वरचढ. १० हे १६ पेक्षा कमी, म्हणून सगळं जागच्या जागी. घर्षण १० न्यूटन, उताराच्या खालच्या दिशेला. ताण ४० न्यूटन, कारण ‘ब’ स्थिर आहे.

‘ब’ २ किलो: वजन २० न्यूटन. आता ‘अ’ १० न्यूटनने वरचढ. पुन्हा स्थिर. घर्षण १० न्यूटन, पण या वेळी उताराच्या वरच्या दिशेला. उतार तोच, ठोकळा तोच, घर्षणाची दिशा मात्र उलटली. ‘घर्षण नेहमी उताराच्या वरच्या बाजूला असतं’ असं लक्षात ठेवणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारी शेजारी लिहून बघावेत.

स्थिर राहण्याची पूर्ण कक्षाही इथूनच मिळते. ‘ब’ चं वजन ३० − १६ = १४ न्यूटनपासून ३० + १६ = ४६ न्यूटनपर्यंत, म्हणजे वस्तुमान १.४ ते ४.६ किलो. ‘व्यवस्था स्थिर राहण्यासाठी किमान आणि कमाल वस्तुमान काढा’ हा प्रश्न जेईई आणि सीईटीच्या सराव संचांत सतत भेटतो, आणि त्याचं काम एवढंच असतं: घर्षण एकदा वर, एकदा खाली, दोन्ही वेळा पूर्ण मर्यादेवर.

चौथी पायरी: हलत असेल तर, आणि तरच, गतिक घर्षण

‘ब’ ५ किलो घ्या. ५० वजा ३० म्हणजे २०. मर्यादा १६ ची, म्हणून ‘ब’ खाली जाणार आणि ‘अ’ वर चढणार. आता घर्षणाचा बाण काढायचा: ‘अ’ वर सरकतोय, घर्षण खाली, किंमत १२ न्यूटन. १६ चं काम संपलं. ते फक्त दार उघडतं का ते बघण्यापुरतं होतं. घसरायला लागल्यावरही १६ धरून त्वरण काढणं ही फार दिसणारी चूक आहे.

दोरी ताणली जात नाही, म्हणून दोघांच्या त्वरणाची किंमत एकच. कप्पी हलकी आणि घर्षणरहित, म्हणून दोन्हीकडे ताण एकच. प्रत्येक ठोकळ्याची धन दिशा त्याच्या चालीची धरा: ‘ब’ साठी खाली, ‘अ’ साठी उतारावरून वर.

‘ब’ साठी: ५० − ताण = ५ × त्वरण
‘अ’ साठी: ताण − ३० − १२ = ५ × त्वरण

बेरीज केली की ताण उडतो: ५० − ३० − १२ = १० × त्वरण. त्वरण ०.८ मी/से². ते ‘ब’ च्या समीकरणात ठेवलं की ताण ४६ न्यूटन. आता थांबू नका. ‘अ’ च्या समीकरणात घालून बघा: ४६ − ४२ = ४, आणि ५ × ०.८ = ४. जुळलं.

ताण ४६ आला, ५० नाही. ‘ब’ खाली त्वरित होतोय म्हणजे त्याच्यावर खाली ओढणारं बल जास्त असलंच पाहिजे. दोरीचा ताण म्हणजे लोंबकळणाऱ्याचं वजन, हे फक्त स्थिर अवस्थेत किंवा एकसमान वेगात खरं.

आता उलट टोक: ‘ब’ १ किलो. ३० वजा १० म्हणजे २०, पुन्हा १६ च्या वर. ‘अ’ खाली घसरणार, घर्षण वर. ३० − १० − १२ = ६ × त्वरण, त्वरण सुमारे १.३३ मी/से², ताण सुमारे ११.३ न्यूटन.

दिशा चुकीची धरली तर?

गुळगुळीत उतारावर दिशा चुकली तरी बिघडत नाही. त्वरण ऋण येतं, आपण चिन्ह बदलतो, काम होतं. हीच सवय घेऊन मुलं खडबडीत उतारावर येतात आणि आपटतात.

१ किलोच्या उदाहरणात समजा तुम्ही ‘ब’ खाली जातोय असं धरलंत. मग घर्षण उताराखाली लागेल: १० − ३० − १२ = ६ × त्वरण, म्हणजे त्वरण सुमारे −५.३. आता चिन्ह बदलून ५.३ लिहिलंत तर उत्तर साफ चूक. खरं उत्तर १.३३ आहे. दिशा उलटली की गुरुत्वाचे घटक तिथेच राहतात, पण घर्षण फिरतं. त्यामुळे नुसतं चिन्ह बदलून भागत नाही, समीकरण नव्याने मांडावं लागतं.

आणि दोन्ही दिशा धरून बघितल्या, दोन्ही वेळा ऋण आलं, तर? ४ किलोसाठी करून बघा. ‘ब’ खाली धरला तर ४० − ३० − १२ = −२. ‘अ’ खाली धरला तर ३० − ४० − १२ = −२२. स्थिर अवस्थेतून सुरुवात असेल तर याचा अर्थ एकच: काहीच हलत नाही.

प्रश्नात मात्र ‘व्यवस्थेला सुरुवातीला वेग दिलेला आहे’ असं असेल तर सावध. तेव्हा तिसरी पायरी लागत नाही, कारण हालचाल आधीच चालू आहे. घर्षणाची दिशा चालीच्या उलट, किंमत गतिक. ४ किलोचा ‘ब’ खाली जात असताना सोडला तर −२ = ९ × त्वरण. व्यवस्था सुमारे ०.२२ मी/से² ने मंदावत थांबेल. थांबल्यावर पुन्हा पहिला प्रश्न विचारायचा: फरक १०, मर्यादा १६, म्हणून तिथेच राहील.

दोन्ही ठोकळे उतारावर असतील तेव्हा

कप्पी नाही, दोन ठोकळे एकाच उतारावर पुढे-मागे, मध्ये दोरी. इथे नवा सापळा असतो: दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही.

तोच ३७ अंशांचा उतार. वरचा ठोकळा २ किलो, गतिक घर्षणांक ०.२५. खालचा ३ किलो, गतिक घर्षणांक ०.५. स्थितिक घर्षणांक दोघांचेही ०.७५ च्या आत आहेत असं धरा. ३७ अंशांचा टॅन ०.७५, म्हणून दोघेही एकेकटे सोडले तरी घसरतील.

सवयीप्रमाणे दोघांचं त्वरण समान धरून गणित केलं तर एकूण ओढ १२ + १८ = ३०, एकूण घर्षण ४ + १२ = १६, त्वरण १४ ÷ ५ = २.८ मी/से². दिसायला छान. पण खालच्या ठोकळ्यासाठी १८ − १२ − ताण = ३ × २.८ लिहिलं की ताण −२.४ न्यूटन येतो. दोरीत ऋण ताण नसतो. म्हणजे समान त्वरण हे गृहीतच चुकलं.

वेगवेगळं बघितलं तर कारण कळतं. एकटा सोडल्यास वरचा ४ मी/से² ने घसरतो, खालचा २ मी/से² ने. वरचा मागून येऊन खालच्याला गाठणार, मधली दोरी सैल. म्हणून ताण शून्य, आणि टक्कर होईपर्यंत दोघांची त्वरणं ४ आणि २. जागा बदला, जास्त खडबडीत ठोकळा वर ठेवा, मग दोरी ताठ राहते, त्वरण २.८ आणि ताण +२.४ न्यूटन.

दोरीऐवजी कडक दांडा असता तर पहिलंच उत्तर बरोबर ठरलं असतं, दांडा २.४ न्यूटनने दाबला गेला असता, इतकंच. म्हणून प्रश्न वाचताना ‘दोरी’ आहे की ‘दांडा’ ते आधी अधोरेखित करा.

हा फरक कागदापुरता नाही. कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात, कारण भोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे. १,००० टनांच्या गाडीला एकटा उतारच जवळपास २७ टन वजनाइतक्या बलाने मागे ओढतो. पुढचं इंजिन ओढतंय आणि मागची ढकलतायत, म्हणजे गाडीतल्या काही जोडांमध्ये ताण असतो, काहींमध्ये दाब. नुसत्या साखळीने जोडलेले डबे मागून ढकलले तर साखळी सैल पडेल आणि डबे एकमेकांवर येतील. म्हणून जुन्या स्क्रू कपलिंगच्या डब्यांना ओढायला कपलिंग असतं आणि ढकलायला बाजूचे बफर.

उत्तर आल्यावर

एक तपासणी मी कधी सोडत नाही: कोन टोकाला नेऊन बघणं. हलत्या अवस्थेचं सूत्र अक्षरांत मांडलं असेल तर कोन ९० अंश करा. नॉर्मल शून्य होतो, घर्षण जातं, आणि कप्पीच्या दोन बाजूंना लोंबकळणारे दोन ठोकळे उरतात. जॉर्ज अॅटवूडने १७८४ मध्ये वर्णन केलेलं यंत्र ते हेच. कोन शून्य केला तर टेबलावरचा ठोकळा आणि कडेवरून लोंबणारं वजन उरलं पाहिजे. तुमचं सूत्र या दोन्ही ठिकाणी ओळखीचं दिसत नसेल तर साइन-कॉसची अदलाबदल झाली आहे, असं समजून मागे जा.

आता तुमच्यासाठी. बाकी सगळं तेच ठेवून उतार ५३ अंशांचा करा, साइन ०.८, कॉस ०.६. आकडे आधी स्वतः काढा, मग पुढे वाचा.

‘अ’ चा समांतर घटक ४० न्यूटन, नॉर्मल ३०, स्थितिक मर्यादा १२, गतिक घर्षण ९. स्थिर राहण्याची कक्षा २.८ ते ५.२ किलो. ‘ब’ ५ किलो असेल तर स्थिर, घर्षण १० न्यूटन उताराखाली, ताण ५० न्यूटन. ‘ब’ ६ किलो असेल तर त्वरण १ मी/से², ताण ५४ न्यूटन.

६ किलोच्याच प्रश्नाचं शेपूट जरा लांबवू. ‘ब’ स्थिर अवस्थेतून अर्धा मीटर खाली येऊन जमिनीवर टेकतो आणि तिथेच राहतो. ‘अ’ पुढे किती चढेल? टेकण्याच्या क्षणी वेगाचा वर्ग २ × १ × ०.५ = १, म्हणजे वेग १ मी/से. त्या क्षणापासून दोरी सैल, ताण शून्य. ‘अ’ ला आता उतार आणि घर्षण दोन्ही खाली ओढतायत: ४० + ९ = ४९ न्यूटन, मंदन ४९ ÷ ५ = ९.८ मी/से². अंतर १ ÷ १९.६, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर. तिथे तो क्षणभर थांबतो, आणि थांबला की पहिलाच प्रश्न: राहील का? दोरी सैल आहे, खाली ओढणारे ४० न्यूटन, मर्यादा १२. राहणार नाही. घर्षण आता वरच्या दिशेला ९ न्यूटन, त्वरण ३१ ÷ ५ = ६.२ मी/से² खाली, दोरी पुन्हा ताठ होईपर्यंत.